लॅपटॉप ऑटोमॅटिक रिपेअरमध्ये अडकलाय, दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. डेटा वाचेल का?

परळवाली (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. बाबांचा लॅपटॉप चालूच होत नाहीये. आधी 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येतं, मग 'डायग्नोझिंग युअर पीसी', आणि शेवटी निळ्या स्क्रीनवर रिपेअर करता आलं नाही असं सांगून दोन बटणं देतो, रीस्टार्ट करा नाहीतर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच सगळं. आदल्या रात्री अपडेट चालू होतं आणि आमच्याकडची लाइट गेली, बॅटरी आता जेमतेम टिकते त्यामुळे मधेच बंद पडला.
बाबा सोसायटीचे खजिनदार आहेत, मेंटेनन्सची बिलं, टॅलीतला हिशोब, एजीएमची इतिवृत्तं सगळं त्यातच आहे आणि ऑडिट तोंडावर आलंय. जवळच्या रिपेअरवाल्याकडे नेला तर त्याने चालू करून बघितला न बघितला आणि 'विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही' म्हणाला. मी सरळ परत घेऊन आले.
११व्या जनरेशनचा आय५, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, सी आणि डी असे दोन ड्राइव्ह. कोणी नीट सांगेल का आधी काय करायचं?

कांजूरचा
परत आणलास हे बेस्ट केलंस. विंडोज बूट न होणं आणि डेटा जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट मधे तुटलं की विंडोजच्या स्वतःच्या फायली अर्धवट राहतात, बाबांच्या एक्सेल शीट जिथल्या तिथे असतात. त्यामुळे आता क्रम एकच, आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती, आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी. डेटा हातात आल्याशिवाय रिसेट वगैरे कुठलंही बटण दाबू नकोस.
एक सांग, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची सेटिंग) एसएसडी दिसतेय का? लॅपटॉपमधून काही विचित्र आवाज?

परळवाली
बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय. आवाज काहीच नाही.

कांजूरचा
मग बहुतेक डिस्क ठणठणीत आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह लाव. त्या निळ्या स्क्रीनवरून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ट्रबलशूट, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडली की नोटपॅड टाइप करून एंटर मार. नोटपॅड उघडेल, त्यात फाइल मेनूतून ओपन, आणि खाली फाइल टाइपमध्ये 'टेक्स्ट' ऐवजी 'ऑल फाइल्स' कर. ती जी ओपनची खिडकी आहे ना, ती अख्खी एक्सप्लोररसारखी चालते. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. फक्त इथे प्रोग्रेस बार दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी होते, म्हणजे कॉपी चालू आहे असं समज आणि हात लावू नकोस. चार्जर लावलेला असू दे!
ड्राइव्हची अक्षरं इथे उलटसुलट असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल. अक्षरावर जाऊ नकोस, आत यूझर्स आणि विंडोज नावाचं फोल्डर आहे का ते बघ.

ठाणेकाका
कांजूरकर, पद्धत उत्तम सांगितलीत. एक भर घालतो. बऱ्याच लोकांना वाटतं की माझं सगळं डी वर आहे, सी उडाला तरी चालेल. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं सी मध्येच यूझर्स फोल्डरच्या आत असतं. वडील मंडळी तर सगळ्या फायली डेस्कटॉपवरच ठेवतात. तेव्हा यूझर्स हे अख्खं फोल्डर घ्या, निवडत बसू नका. टॅलीचा डेटा सहसा यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरात टॅलीच्या नावाखाली असतो, आत १०००० किंवा १००००० अशा आकड्यांची फोल्डरं दिसतील, एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनी. तुमच्या वडिलांनी जागा बदलली असेल तर त्यांनाच विचारा. आउटलुक वापरत असतील तर डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' बघा, मेल बऱ्याचदा तिथल्या पीएसटी फायलीत असतात.

परळवाली
अडले! कमांड प्रॉम्प्ट दाबलं तर बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय, ४८ आकडी. आम्ही असलं काही कधी लावलेलंच नाही, बाबांना तर हा शब्दही माहीत नाही. आता?

ठाणेकाका
घाबरू नका ताई. तुम्ही लावलं नसेल तरी विंडोज ११ च्या बहुतेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो, म्हणजे बिटलॉकरचं कुलूप लागतं, आणि की त्याच अकाउंटमध्ये साठवली जाते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जा, तिथे बिटलॉकर रिकव्हरी कीज असं मिळेल. ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सेटअप केला त्याचं अकाउंट बघा, तो मुलगा असेल, जावई असेल, कधीकधी दुकानातला पोरगाही असतो. सी आणि डी च्या की वेगवेगळ्या असतात, स्क्रीनवर जो की आयडी दिसतोय त्याची पहिली ८ अक्षरं जुळवा म्हणजे कुठली कुणाची ते कळेल.
आठवत असेल तर १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभरात ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली होती, आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा कुणी ८५ लाख फॉरमॅट मारले नाहीत, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची एवढंच होतं. पण ठिकठिकाणच्या आयटीवाल्यांचा घाम निघाला तो याच ४८ आकड्यांपायी, मशीन समोर आणि की कुठे आहे ते माहीत नाही. म्हणून सांगतो, ज्यांचा लॅपटॉप आत्ता व्यवस्थित चालतोय त्यांनीही आजच ती की कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

बोरिवली_स्लो
काका, तुमचं वाचून लगेच बघितली. माझी की ऑफिसच्या जुन्या अकाउंटवर निघाली, तो जॉब सोडून किती वर्षं झाली! आता बिटलॉकर बंद करून आपल्या अकाउंटवर नवीन घेतो. धाग्याबद्दल आभार.

परळवाली
मिळाली!! दादाच्या अकाउंटवर होती, त्यानेच पुण्याहून लॅपटॉप सेट करून दिला होता. फोनवर चार-चार आकडे सांगत होता आणि मी टाकत होते. नोटपॅडमधून यूझर्स दिसलं, बाबांचा डेस्कटॉप दिसला, 'मेंटेनन्स थकबाकी' नावाची शीट दिसल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडला. कॉपी चालू आहे, काकांनी सांगितलेलं आकड्यांचं टॅलीचं फोल्डर पण मिळालं.

मिंटप्रेमी
अभिनंदन! पुढच्या वेळी ज्यांना लागेल त्यांच्यासाठी दुसरा रस्ता: दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. पूर्ण डेस्कटॉप मिळतो, कॉपी करताना प्रोग्रेस दिसतो, इंटरनेटही चालतं. आणि खरं सांगायचं तर सोसायटीचा हिशोब लिब्रेऑफिसमध्येही होतो, कायमचं लिनक्स टाकायचा विचार करा.

कांजूरचा
लाइव्ह पेन ड्राइव्हचं १००% बरोबर, प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एक असावा. पण टॅली लिनक्सवर थेट चालत नाही आणि तिच्या बाबांना या वयात, ऑडिटच्या आधी नवीन सिस्टिम शिकायला लावणं मला पटत नाही. परळवाली, तू विंडोजच ठेव.

ग्रँटरोड_पूर्व
मी लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप रिपेअरिंग करतो म्हणून लिहावंसं वाटलं. दुकानवाला लगेच फॉरमॅट का म्हणतो ते सांगतो. फॉरमॅटचा रेट ठरलेला असतो, गिऱ्हाईक तो देतं. पण बिघाड कुठे आहे ते शोधायला दोन-तीन तास जातात, त्याचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं की नुसतं बघायचे कसले पैसे. दुकानाचं भाडं, पोरांचा पगार सगळं काढायचं असतं. मग सगळे एकच औषध देतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडे लॅपटॉप आला की पहिला प्रश्न, यात काय आहे जे गेलं तर तुम्हाला रडू येईल? ते पावतीवर लिहून घेतो, आणि ते गिऱ्हाइकाला त्याच्या डिस्कवर उघडून दाखवल्याशिवाय इन्स्टॉलेशनला हात लावत नाही.
तुम्हीही कुठेही दिलात तर तीन गोष्टी मागा. एक, डेटा बॅकअप वेगळा लिहून घ्या, 'डेटाची जबाबदारी नाही' अशी छापील पावती मुकाट्याने घेऊ नका. दोन, डिस्क बदलली तर जुनी परत मागा, त्यात तुमचे फोटो, पॅन, आधार सगळं असतं. तीन, विंडोजचं लायसन्स तुमच्या लॅपटॉपबरोबर आलेलं असतं, कुणी कसला अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालवणारं चोरटं सॉफ्टवेअर) टाकू देऊ नका. त्या अ‍ॅक्टिव्हेटरसाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लागतो यातच काय ते समजा.
आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा कॉपी करताना मधे मधे अडकत असेल, तर मशीन ताबडतोब बंद. चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड) तर अजिबात चालवायची नाही. मरायला टेकलेली डिस्क चेकडिस्क पूर्ण घासून काढते आणि जो काही डेटा निघाला असता तोही जातो. लोक यूट्यूब बघून हेच पहिलं करतात.

परळवाली
दादा, फार मोलाचं लिहिलंत. कॉपी पूर्ण झाली, माझ्या लॅपटॉपवर शीट उघडून बघितल्या, सगळं व्यवस्थित आहे. आता फॉरमॅटच करू ना?

ठाणेकाका
थांबा, आता तर निवांत प्रयोग करता येतात. त्याच अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तुमच्या बाबतीत दोष अर्धवट अपडेटचाच वाटतोय म्हणून तिथून सुरुवात करा. मग सिस्टिम रिस्टोअर, जुना पॉइंट असेल तर. मग स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड लागतो का बघा, ४ दाबायचा. सेफ मोड लागला तर अर्धी लढाई जिंकलात, तिथे एसएफसी स्कॅननाऊ ही कमांड चालवा, ती विंडोजच्या बिघडलेल्या फायली बदलते. आणि विंडोज जेमतेम का होईना चालू होतेय अशी वेळ आली तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) उतरवून चालू विंडोजमधूनच सेटअप चालवायचा, त्यात 'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' असा पर्याय येतो. विंडोज नवी, बाकी सगळं जागच्या जागी. हा उपाय दुकानात क्वचितच कोणी सांगतं. नळ गळतो म्हणून भिंत पाडायची नसते.

परळवाली
अनइन्स्टॉल अपडेट्स: एरर. रिस्टोअर: पॉइंटच नाही म्हणतोय. सेफ मोड: पुन्हा ऑटोमॅटिक रिपेअर. 'रिसेट धिस पीसी, कीप माय फाइल्स' करून बघू का?

कांजूरचा
करून बघू शकतेस, त्यात फायली राहतात आणि प्रोग्रॅम जातात. क्लाउड डाउनलोड निवडलंस तर साधारण ४ जीबी खेचेल. पण जिथे अपडेटने बेसिक फायलीच बिघडवल्यात तिथे रिसेटही बऱ्याचदा अर्ध्यावर दम तोडतो. डेटा बाहेर आलाय, मी असतो तर सरळ क्लीन इन्स्टॉल केलं असतं, म्हणजे जुनी विंडोज पुसून नव्याने टाकली असती.
किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घे, रिकामा, कारण त्यातलं सगळं पुसलं जाणार. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरव, ते स्वतःच सगळं करतं. मग लॅपटॉपला लावून चालू करताना बूट मेनूची की दाबत राहायची. डेल, लेनोव्हो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसूसला एस्केप.
आणि इन्स्टॉल करताना ती बाहेरची बॅकअपवाली हार्ड डिस्क काढून बाजूला ठेव. पार्टिशनच्या यादीत ती पण दिसते आणि लोक तीच उडवतात.

परळवाली
पेन ड्राइव्ह बनला, बूट झाला, पण जिथे विंडोज टाकायची ती जागा निवडायच्या स्क्रीनवर एकही ड्राइव्ह नाही! पूर्ण रिकामी यादी, खाली लिहिलंय की ड्राइव्ह सापडले नाहीत, स्टोरेज ड्रायव्हरसाठी 'लोड ड्रायव्हर' दाबा. एसएसडी गेली का? काल तर कॉपी झालं सगळं. बाबा परत टेन्शनमध्ये.

ग्रँटरोड_पूर्व
एसएसडी ठीक आहे ताई. ११व्या जनरेशनपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये व्हीएमडी चालू असतं, म्हणजे एसएसडी थेट न दिसता इंटेलच्या एका कंट्रोलरमागे असते. कंपनीने लॅपटॉपबरोबर दिलेल्या रिकव्हरीत तो ड्रायव्हर आधीच टाकलेला असतो म्हणून तुम्हाला नोटपॅडमधून सगळं दिसलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या कोऱ्या पेन ड्राइव्हमध्ये तो नसला की यादी रिकामी. याच स्क्रीनवर कित्येकांना 'एसएसडी उडाली' सांगून नवीन विकली जाते, गिऱ्हाईक चांगली एसएसडी हातात घेऊन माझ्याकडे बदलायला आलेलं आहे.
तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल टाका, स्टोरेजखाली इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर असेल. तो ईएक्सई असेल तर तसाच चालत नाही, उघडून आतल्या आयएनएफ वगैरे फायलींचं फोल्डर मोकळं करून पेन ड्राइव्हवर टाका. मग लोड ड्रायव्हर, ब्राउज, ते फोल्डर. यादीत 'आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी' असं काहीतरी येईल, ते निवडून नेक्स्ट.
कोणी सांगेल की बायोसमधून व्हीएमडीच बंद करा, त्यानेही ड्राइव्ह दिसतो. पण जुनी विंडोज जिवंत ठेवायची असेल तर ते करू नका, ती मग निळी स्क्रीन देते.

परळवाली
दिसला!! दादा तुम्ही देव आहात. आता पार्टिशन १, २, ३, ४, ५ अशी लाइन आलीय. कुठलं उडवू? डी मध्ये घरचे फोटो आहेत, ते कॉपी करायचे राहिलेत. त्याच्यावर काही होता कामा नये.

कांजूरचा
साइज बघून ओळखायचं. साधारण १०० ते २६० एमबीचं 'सिस्टिम' लिहिलेलं, १६ एमबीचं 'एमएसआर', मग मोठं सी, मोठं डी आणि शेवटी रिकव्हरीचं. पण डी वरचे फोटो कॉपी झालेले नसतील तर आत्ता इथून बाहेर ये, आधी ते कॉपी कर, मग परत ये. खरंच सांगतोय, एका चुकीच्या क्लिकचा खेळ आहे. तासभर जास्त जाईल, जाऊ दे.
परत आलीस की सिस्टिम, एमएसआर आणि सी ही तिन्ही डिलीट करायची, त्यांची मिळून 'अनअलोकेटेड' जागा होईल, ती निवडून नेक्स्ट. बाकी तो स्वतः बनवतो. डी ला हात लावायचा नाही.

ठाणेकाका
डी देखील बिटलॉकरमध्ये आहे हे विसरू नका, नवीन विंडोजमध्ये तो कुलूप लावलेला दिसेल आणि त्याची स्वतःची की मागेल. ती लिहून हाताशी ठेवा, मगच पुढे जा.

परळवाली
डी चे फोटो कॉपी केले, डी ची की पण लिहून घेतली. मग इन्स्टॉल. तो तर पटकन झाला की! पण आता सेटअप वायफाय मागतोय आणि यादीत वायफायच नाही, पुढे जाऊ देत नाही.

बोरिवली_स्लो
ड्रायव्हर नाही म्हणून. अँड्रॉइड फोन केबलने लावा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग ऑन करा. कसलाही ड्रायव्हर न टाकता नेट चालू होतं. मग विंडोज अपडेट स्वतःच वायफायचा ड्रायव्हर आणतं.

परळवाली
झालं झालं! डेस्कटॉप आला. प्रॉडक्ट की विचारलीच नाही, सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेटेड' लिहिलंय, होम सिंगल लँग्वेज. हे ओरिजिनलच ना? बाबांना आता मराठी टायपिंग, टॅली, आणि सोसायटीच्या कामाचं डिजिटल सिग्नेचर चालू करून हवंय. ऑफिस पण गेलंय, ते विकत घ्यावं लागेल का?

ठाणेकाका
ओरिजिनलच. आपल्याकडचे बरेचसे लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजच घेऊन येतात, की बायोसमध्येच कोरलेली असते. इन्स्टॉलरने ती वाचली, म्हणून विचारलं नाही.
ऑफिस जर लॅपटॉपबरोबर 'होम अँड स्टुडंट' म्हणून आलं असेल तर ते ज्या अकाउंटवर सुरू केलं त्या अकाउंटला बांधलेलं असतं. तुमच्या बंधूंच्या अकाउंटने ऑफिसच्या साइटवर लॉगिन करून पुन्हा इन्स्टॉल करा. नवीन घ्यायची गरज नाही.
टॅली कंपनीच्या साइटवरून घ्या आणि डेटाचं फोल्डर जुन्या जागी ठेवून पाथ दाखवा. ज्यांचं मशीन अजून चालू आहे आणि फॉरमॅट करायचंय त्यांनी आधी टॅलीतून लायसन्स सरेंडर करावं, मग नव्याने अ‍ॅक्टिव्हेट करणं सोपं जातं. तुम्हाला ती संधी मिळाली नाही, काही अडलं तर टॅलीच्या पार्टनरला फोन करा.
डिजिटल सिग्नेचर त्या यूएसबी टोकनमध्येच असते, फॉरमॅटने ती जात नाही. फक्त टोकनचा ड्रायव्हर टाकायचा, टोकनवर नाव असतं त्यानुसार. पिन मात्र अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होतं.

कांजूरचा
मराठीसाठी: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रिजन, तिथे मराठी अ‍ॅड कर आणि त्याच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड म्हणून 'मराठी फोनेटिक' घे. २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, इंग्रजी स्पेलिंगने टाइप होतं. विंडोज की आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. सिंगल लँग्वेज असली तरी टायपिंगला काही अडचण नाही, ती मर्यादा मेनूंच्या भाषेपुरती आहे. गूगल इनपुट टूल्सचं ऑफलाइन व्हर्जन गूगलने कधीच बंद केलंय, आता कुठल्याही साइटवरून ते उतरवू नकोस.
आणि सोसायटीची जुनी पत्रं मंगल फॉन्टमध्ये असतील तर ती वेगळी दिसतील, कारण क्लीन इन्स्टॉलनंतर मंगल असेलच असं नाही. ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' टाक, मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह सगळे येतात.

परळवाली
मंगलचं तर मी विचारणारच होते, पत्राच्या ओळी खालीवर झाल्या होत्या! आता नीट. सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा थकबाकीची यादी काढायला बसलेत.

गिरगावची_टंकिका
धागा पूर्ण वाचला, माझाही प्रश्न याच विषयातला म्हणून इथेच विचारते. माझं छोटं डीटीपीचं काम आहे, पत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची पानं. डेस्कटॉप जुना, चौथ्या जनरेशनचा आय३, विंडोज १०, साधी हार्ड डिस्क. चालू व्हायला चहा करून होतो इतका वेळ. एकाने सांगितलं की विंडोज १० बंद झाली, फॉरमॅट मारून ११ टाकतो. पण माझं सगळं काम पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आहे, त्याचं डोंगल (लायसन्सची किल्ली) आहे. आधी एकदा असंच फॉरमॅट करून मिळालं आणि जुन्या सगळ्या फायली उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसायला लागली, फॉन्ट परत गोळा करेपर्यंत ऐन सीझनमध्ये काम ठप्प.

ठाणेकाका
ताई, चौथ्या जनरेशनला ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते. जुगाड करून टाकतात, पण पोटापाण्याच्या मशीनवर असला जुगाड नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली नावनोंदणीचा पर्याय येतो. त्यानंतर ते मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त डीटीपीला ठेवा आणि मेल, बँक दुसऱ्यावर करा.

ग्रँटरोड_पूर्व
काका म्हणतात ते बरोबर. आणि ताई, तुमचा त्रास विंडोजचा कमी आणि हार्ड डिस्कचा जास्त वाटतोय. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. निळं 'गुड' आलं तर ठीक. पिवळं 'कॉशन' आलं आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीअलोकेटेड सेक्टर्स' च्या रांगेत शून्यापेक्षा जास्त आकडा असेल तर त्या डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे पैसे पाण्यात, थोड्या दिवसांत पुन्हा तेच.
तुम्हाला फॉरमॅटची गरजच नाही असं माझं मत. एक साटा एसएसडी घ्या आणि जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर क्लोन करून घ्या. पेजमेकर, फॉन्ट, सेटिंग, सगळं आहे तसं येतं आणि मशीन पळायला लागतं. जुनी डिस्क न पुसता नाव लिहून कपाटात ठेवा. रॅमचे पाय पण साफ करून घ्या, आपल्या पावसाळी हवेत ते काळे पडतात, काढून खोडरबराने हलक्या हाताने पुसले की निम्मे डेस्कटॉप सुधारतात.

गिरगावची_टंकिका
क्लोनचं कोणीच सांगितलं नव्हतं! पण फॉन्टचं मन धजत नाही. क्लोन फसला तर? नेमकं काय काय बाजूला काढून ठेवू?

ग्रँटरोड_पूर्व
सी, विंडोज, फॉन्ट्स हे अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा, त्यात तुमचे श्रीलिपी, सुरेख, जे काही असतील ते सगळे आले. श्रीलिपीचा सेटअप आणि डोंगलचा ड्रायव्हर वेगळ्या फोल्डरमध्ये, ती सीडी असेल तर तिचीही कॉपी, कारण आता नव्या मशीनला सहसा सीडी ड्राइव्ह नसतो. तुम्ही केलेले कीबोर्ड लेआउटचे बदल कागदावर. आणि पाच-सहा तयार कामांची पीडीएफ काढून ठेवा, नवीन डिस्कवर तीच कामं उघडून पीडीएफशी ताडून बघायची, जोडाक्षरं आणि रफार जागेवर आहेत का ते लगेच कळतं. हे सगळं जुळल्याशिवाय जुन्या मशीनवरून उठू नका.

गिरगावची_टंकिका
सगळं लिहून घेतलं. रविवारी मला वेळ असतो, मशीन घेऊन आले तर चालेल का? ग्रँट रोडला टॅक्सीने येईन.

ग्रँटरोड_पूर्व
रविवारी आमच्या इथली बरीचशी दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी या, नुसता सीपीयू आणा, मॉनिटर नको. डोंगल आणि तो फॉन्टचा पेन ड्राइव्ह विसरू नका. क्लोन चालू असेपर्यंत बसून राहा, जायच्या आधी तुमच्या फायली तुम्हीच उघडून बघा. पत्ता तुमच्या विपूत (विचारपूस) टाकतो.